मल्हाररावांवरचा खरा आरोप

१४ जानेवारी १७६१. पानिपतावर दुपार कलली, विश्वासराव गोळी लागून पडले आणि मराठ्यांचा गोल फुटला. त्याच सुमारास उजव्या बगलेवरचे मल्हारराव होळकर आपली फौज घेऊन रणातून बाहेर पडले. चार दशकांच्या शिपाईगिरीचा निकाल या एका घटनेवर लागला. ‘होळकर पळाले’ हे वाक्य आपण शाळेपासून ऐकत आलो. मला ते अन्यायाचे वाटते. मल्हाररावांचा दोष मोठा होता, पण तो पानिपतावर घडला नाही. तो चार वर्षे आधी दिल्लीत घडला.

पानिपतापुरते आधी पाहू. शुजाउद्दौल्याच्या पदरचा काशीराज पंडित त्या दिवशी शत्रूच्या, म्हणजे अब्दालीच्या, छावणीत होता. विश्वासराव पडल्यावर मराठ्यांचे सेनापती भाऊसाहेब यांनी ‘आधी सांगितले तसे करा’ असा निरोप मल्हाररावांकडे पाठवला, असे तो लिहितो. सांगितले काय होते, हे त्याने लिहिलेले नाही. बखरकार म्हणतात, भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाईंना आणि बायकामुलांना सुखरूप काढून नेण्याचा तो हुकूम होता. पार्वतीबाई दक्षिणेत परतल्या, एवढे खरे. शिवाय त्या दिवशी बाहेर पडणारे होळकर एकटे नव्हते. दमाजी गायकवाड निघाले, विठ्ठल शिवदेव विंचूरकर निघाले. त्यांच्या नावामागे कोणी ‘पळाले’ लावत नाही.

भाऊसाहेबांशी मल्हाररावांचा खटका लढाईच्या पद्धतीवरून होता. तो भ्याडपणात मोजण्याचे कारण नाही. तोफखाना मध्ये, भोवती गोल बांधून सरकायचे, ही इब्राहिमखान गारद्याची रीत. उदगीरला निजामावर ती फळली होती. मल्हाररावांची सारी हयात हलक्या घोडदळावर गेली. रसद तोडायची, हुलकावणी द्यायची, शत्रू थकला की झडप घालायची. बुणगे आणि यात्रेकरू मागे ठेवून मोकळ्या अंगाने लढावे, हा त्यांचा आग्रह मानला गेला नाही. पुढे अब्दालीनेच मराठ्यांची रसद तोडली. सत्तरीकडे झुकलेल्या त्या सरदाराला गोलात बांधून उभे केले, तेव्हा त्याच्या घोड्यांचा उपयोग निम्म्याने संपला होता.

आणि पळपुटा म्हणावा, तर त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात हेच मल्हारराव राजपुतान्यात मांगरोळपाशी जयपूरच्या माधोसिंगाच्या फौजेवर चालून गेले. पानिपतानंतर उत्तरेत मराठ्यांचे संपले, असे सगळे धरून चालले होते. त्या लढाईत ते स्वतः जखमी झाले आणि जयपूरकरांचा मोड झाला. हिंदुस्थानात मराठ्यांचा झेंडा पुन्हा दिसला, तो त्या म्हाताऱ्यामुळे.

आता दिल्ली. १७५७ च्या वसंतात अब्दाली परतला आणि रोहिल्यांचा सरदार नजीबखान दिल्लीत त्याचा माणूस म्हणून मागे राहिला. रघुनाथराव आणि मल्हारराव यांनी फौज घेऊन दिल्ली जिंकली, नजीब हातात सापडला. त्याला कायमचा संपवावा, असे मराठ्यांच्या छावणीतच अनेकांचे मत होते. मल्हारराव मध्ये पडले. नजीबाने त्यांना बाप मानले होते, धर्मपुत्र म्हणून पायांवर लोळण घेतली होती. रघुनाथरावांनी त्यांचा शब्द मोडला नाही. नजीब सुटून आपल्या मुलखात गेला.

एवढा मुरब्बी माणूस असे का वागला? ‘भाऊसाहेबांच्या बखरी’त त्यांच्या तोंडी एक सल्ला घातला आहे: उत्तरेत शत्रू उरला नाही, तर पेशवे आपल्याला धोतरे धुवायला लावतील. ही बखर घटनेनंतर रचलेली, तिचा कल शिंद्यांकडे वाटतो आणि तिच्यातले संवाद लेखकाचे. ते शब्द मी मल्हाररावांचे धरत नाही. पण मागचे राजकारण खोटे नव्हते. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात त्यांचा एकुलता मुलगा खंडेराव तोफेच्या गोळ्याने गेला. कुंभेरीची माती यमुनेत टाकीन, अशी प्रतिज्ञा त्यांनी केली. वेढा चालू असतानाच सूरजमल जाटाने जयाप्पा शिंद्यांना आपलेसे केले आणि तह झाला. मुलाचा सूड अर्धवट राहिला. शिंदे-होळकरांतली फट त्यानंतर बुजली नाही. (सुनेला, अहिल्याबाईंना, सती जाण्यापासून त्यांनी परावृत्त केले, ते याच दुःखात.) शिंद्यांचा जोर वाढत असताना नजीबासारखा माणूस आपल्या बाजूला असावा, ही गरज होळकरांना खरी वाटत होती.

त्या गरजेची किंमत भयंकर होती. नजीबाने अब्दालीला पुन्हा बोलावले. १० जानेवारी १७६० रोजी बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले. शुजाला अब्दालीच्या गोटात ओढून आणले, तेही नजीबाने. पानिपताचा सगळा डाव या एका माणसाने बांधला आणि तो माणूस मराठ्यांनी मुठीत आणून सोडला होता. सोडण्याचा अंतिम हुकूम सेनापती म्हणून रघुनाथरावांचा, त्यांची जबाबदारी टळत नाही. पण नजीब कोण आहे, हे वर्षानुवर्षे उत्तरेत वावरलेल्या मल्हाररावांना रघुनाथरावांपेक्षा कितीतरी जास्त कळत होते. म्हणून मी त्यांना या बाबतीत सूट देऊ शकत नाही.

२० मे १७६६ रोजी आलमपूरला मल्हारराव वारले. तिथली त्यांची छत्री अहिल्याबाईंनी बांधली. नजीब त्यानंतरही चार वर्षे जगला. १७७० मध्ये मराठे पुन्हा दिल्लीकडे सरकले, तेव्हा महादजी शिंद्यांना त्याचा हिशोब चुकता करायचा होता. नजीबाने संधान बांधले ते तुकोजी होळकरांशी आणि मुलगा झाबेताखान याला त्यांच्या हवाली केले. त्याच वर्षी तो आजारपणात मेला. मराठ्यांनी त्याचा पथ्थरगड घेतला, तो १७७२ मध्ये.