होल्मन स्ट्रीटवरची बावीस घरं

अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहराचा थर्ड वॉर्ड ही कृष्णवर्णीयांची जुनी वस्ती. तिथली ही घरं दिसायला अगदीच साधी. लाकडी, अरुंद, पुढे ओसरी आणि आत खोलीमागे खोली. पुढचं दार उघडलं की परसदारापर्यंत आरपार नजर जाते. १९३० च्या दशकात ती भाड्यानं देण्यासाठी बांधली गेली. चित्रकार जॉन बिगर्स यांनी अशी घरं इतक्या मानानं रंगवली, की त्यांचा त्रिकोणी माथा वस्तीची ओळख बनला. तरीही होल्मन स्ट्रीटवरची बावीस घरं १९९० च्या सुमारास ओस पडली होती, पाडकामाची वाट बघत.

चित्रकार रिक लो त्या काळात वस्तीचे हाल मोठमोठ्या चित्रांतून मांडत. स्टुडिओत आलेल्या एका शाळकरी मुलानं त्यांना गाठलं: हाल आम्हाला ठाऊकच आहेत, तुम्ही कलाकार आहात तर उपाय का नाही काढत? १९९३ साली लो आणि आणखी सहा कृष्णवर्णीय कलाकारांनी ती घरं हाती घेतली. 'प्रोजेक्ट रो हाउसेस' ही संस्था उभी राहिली ती अशी. काही घरांत कलाकार आपली मांडणीशिल्पं उभारतात; त्याच आवारातल्या काही घरांत एकट्या तरुण आयांना मुलांसह राहून शिक्षण पुरं करता यावं, अशी सोय झाली. पुढे १९३९ सालचं एल्डोराडो बॉलरूम हे नृत्यगृहही संस्थेला दान मिळालं.

पण वस्ती सावरली की बिल्डरची नजर पडतेच. त्यात थर्ड वॉर्ड शहराच्या मध्यभागाला खेटून, आणि कुठे काय बांधावं यावर ह्यूस्टनमध्ये झोनिंगचा लगाम नाही. जुन्या घरांच्या जागी टाउनहाउस उभी राहू लागली. कलेनंच भाव वाढवले, हा आरोप मला अर्धाच पटतो. मोक्याची जागा आधीपासूनच बिल्डरांच्या नजरेत होती. संस्थेनं मात्र ओळखलं, की खरी लढाई सातबाऱ्यावर आहे. २००३ मध्ये तिनं परवडणाऱ्या भाड्याच्या घरांसाठी वेगळी संस्था काढली. तेव्हाचे आमदार गार्नेट कोलमन यांनी शेजारच्या मिडटाउनच्या वाढीव मालमत्ता कराच्या पैशातून थर्ड वॉर्डातले भूखंड घेववले, ते बाजारात जाऊ नयेत म्हणून.

जमीन धरून ठेवण्याची ही रीत इथे जुनीच. गुलामगिरीतून सुटलेल्यांनी १८७२ मध्ये पैसे जमवून दहा एकर घेतले. तेच आजचं इमॅन्सिपेशन पार्क. त्याच्या कडेच्या रस्त्याला मात्र २०१७ पर्यंत नाव होतं डिक डाउलिंगचं, यादवी युद्धात गुलामगिरी टिकवायला लढलेल्या दक्षिणेच्या फौजेतल्या अधिकाऱ्याचं.