वाटेच्या कडेचे वीरगळ

सोलापूर जिल्ह्यात, विशेषतः भीमा आणि सीना नद्यांच्या खोऱ्यात, गावाच्या वेशीजवळ किंवा एखाद्या जुन्या देवळाच्या आवारात वीरगळ आढळतात. वीरगळ म्हणजे लढताना मरण आलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभारलेली कोरीव शिळा. तिच्यावरील शिल्पपट खालून वर पाहायचे असतात, कारण तळाच्या पटात वीराचे युद्ध किंवा मृत्यू, मधल्या पटात त्याला स्वर्गी नेणाऱ्या अप्सरा आणि वरच्या पटात बहुधा शिवलिंगाची पूजा करणारा वीर दाखवलेला असतो, तर माथ्यावरचे चंद्रसूर्य वीराची कीर्ती चिरकाल टिकावी असे सुचवतात. तळाशी गाई कोरलेल्या असल्यास तो गोग्रहणाचा, म्हणजे शत्रूने पळवलेले गोधन सोडवताना झालेल्या लढाईचा, प्रसंग समजावा. पशुपालन हाच अनेकांचा आधार असलेल्या या कोरड्या मुलखात अशा मरणाला राजाच्या विजयाइतकेच मोल होते, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरू नये. बहुतेक शिळांवर लेख नसल्याने वीराचे नाव कळत नाही आणि काळाचा अंदाज शिल्पशैलीवरूनच बांधावा लागतो. म्हणूनच शेंदराचे आणि तैलरंगाचे जाड थर चढून शिल्पांतील बारकावे बुजणे, किंवा या शिळा बांधकामात चिरे म्हणून वापरल्या जाणे, ही फार मोठी हानी आहे. वीरगळाजवळच्या एखाद्या शिळेवर कोरलेला, कोपरात काटकोनात वळलेला आणि बांगड्या ल्यालेला हात दिसल्यास ती सतीशिळा होय.