डिझेल इंजिनाचा मिस्त्री व त्याची विद्या

शेतकऱ्याच्या संसारास लागणाऱ्या कारागिरांची गणना आपल्या देशांत फार दिवसांपासून ठरलेली होती. फाळास लोहार, कुळवास व गाडीस सुतार, मोटेस चांभार, अशी ही वांटणी असून प्रत्येकाचें बलुतें खळ्यावर घालण्याचा प्रघात होता. पुढें मोट गेली आणि तिच्या जागीं इंजिन आलें. परंतु तें इंजिन चालतें ठेवणाऱ्या मिस्त्रीचें नांव कोणाच्याही खळ्यावर चढलें नाहीं. आमची सारी नोकरी महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत गेली. सात-बाराच्या उताऱ्यांत जलसिंचनाच्या साधनाचा रकाना आहे. तें साधन चालविणाऱ्या विद्येचा रकाना मात्र आम्हीं कोणत्याच नमुन्यांत पाहिला नाहीं. ही उणीव थोडी तरी भरून काढावी, या हेतूनें आम्ही माणदेशांतील बाजाराच्या एका गांवीं राहणाऱ्या, साठी उलटलेल्या एका डिझेल मिस्त्रींची हकीकत येथें देत आहों. नांव छापूं नये, अशी त्यांची इच्छा आहे.

प्रथम यंत्राविषयीं दोन शब्द. याचा जनक रुडॉल्फ डिझेल हा जर्मन एंजिनियर होय. त्याचें पेटंट १८९३ सालचें असून आउग्सबुर्ग येथें १८९७ सालीं त्याचें इंजिन यशस्वी ठरलें. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनांत असलें एक लहान इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविलें होतें, हें ऐकून भुईमूग पिकविणाऱ्या आमच्या बंधूंस कौतुक वाटेल. आपल्याकडे विलायतेहून आलेलीं लिस्टर जातीचीं, मिनिटास सुमारें ६५० फेरे घेणारीं संथ व जड इंजिनें आणि मागाहून त्याच धर्तीवर राजकोटकडे बनलेलीं इंजिनें पुष्कळ खपलीं. १९४६ सालीं पुण्यास किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली, व मिनिटास १५०० फेरे घेणारीं आटोपशीर इंजिनेंही विहिरीविहिरींवर दिसूं लागलीं. आज बहुतेक ठिकाणीं विजेची मोटर आहे, सौर पंपही येत आहेत. तरी जेथें वीज पोंचली नाहीं, किंवा ऐन पाळीच्या वेळीं ती जाते, तेथें डिझेलवांचून गत्यंतर नाहीं.

या इंजिनांत ठिणगी पाडणारा प्लग नसतो. आंत ओढलेली हवा दट्ट्यानें सोळा-सतराव्या हिश्श्याइतकी दाबली जाते. त्या दाबानें ती ५०० अंश सेंटिग्रेडच्या वर तापते, आणि तींत नोझलमधून डिझेलचा फवारा पडतांच तें आपोआप पेटतें. म्हणून मिस्त्री म्हणतात, “याला तीनच गोष्टी लागतात: चोख हवा, चोख डिझेल आणि पुरा दाब. चौथी गोष्ट मालकाची अक्कल.” शेवटचें वाक्य ते हंसून बोलतात, पण त्यांच्या चाळीस वर्षांच्या अनुभवाचें सार त्यांत आहे.

मिस्त्रींनीं ही विद्या पुस्तकांतून घेतली नाहीं. पंधराव्या वर्षीं ते एका उस्तादाच्या दुकानीं राहिले. पहिलें वर्ष रॉकेलांत नटबोल्ट धुण्यांत व पाने हातांत देण्यांत गेलें. दुसऱ्या वर्षीं उस्तादांनीं त्यांस डोळे मिटून चालत्या इंजिनाजवळ बसविलें व आवाजांतील फरक सांगावयास लावलें. सैल टॅपेटची टकटक वेगळी, झिजलेल्या बेअरिंगचा खोल ठोका वेगळा, आणि नोझल टपकत असतांना बसणारा दणका वेगळा. ही ओळख होईपर्यंत हेड खोलण्याची परवानगी मिळाली नाहीं.

उन्हाळ्यांत त्यांचा दिवस तांबडें फुटण्यापूर्वींच सुरू होतो. दारांत कोणी तरी मोटरसायकल घेऊन उभा असतो. “मिस्त्री, इंजिन धरीना बघा. डाळिंबाला पाणी द्यायचं राहिलंय.” मिस्त्री पहिला प्रश्न विचारतात तो हा कीं, डिझेल टाकींत कधीं भरलें व कशांतून भरलें? टाकी एकदां कोरडी पडली, कीं नळींत हवा शिरते. हवा दाबली जाते, पण तिच्यानें नोझल उघडत नाहीं. मग फिल्टरवरचा व पंपावरचा स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल वाहूं द्यावें, कीं इंजिन सुरू होतें. पांच मिनिटांचें हें काम शेतकऱ्यास स्वतः येण्यासारखें असतांही दहा मैलांवरून मिस्त्रीस बोलावणें येतें. दुसरा दोष पाण्याचा व कचऱ्याचा. डिझेल-पंपांतील दांडी व तिची नळी यांमधील फट केसाच्या जाडीहूनही पुष्कळ बारीक असते. उघड्या डब्यांतील धूळ तींत गेली, कीं हजारोंचा भाग निकामी होतो. रॉकेल मिसळलेल्या डिझेलचें वंगण कमी पडून हाच परिणाम घडतो.

धुराच्या रंगावरून रोग ओळखण्याची त्यांची रीत वाचकांनीं ध्यानीं ठेवण्यासारखी आहे. धूर काळा असेल, तर हवा कमी पडते, नोझल बिघडलें आहे, किंवा इंजिनावर शक्तीबाहेर बोजा आहे. निळसर असेल, तर रिंगा झिजून वंगणाचें तेल जळत आहे. पांढरा धूर सुरू करतेवेळीं थोडा येणें स्वाभाविक. परंतु इंजिन तापल्यावरही तो राहिला, तर दाब कमी झाला आहे किंवा गॅस्केटमधून पाणी आंत झिरपत आहे.

आतां एक गंभीर प्रसंग सांगतों. २०१३ सालच्या उन्हाळ्यांत या भागांत भयंकर दुष्काळ होता. विहिरींचें पाणी खोल गेलें. पंप पाणी ओंढतो, त्याची व्यवहारांतील हद्द वीस-बावीस फुटांची. म्हणून एका बागायतदारांनीं पंपासह इंजिनच तीस फूट खालीं, विहिरीच्या टप्प्यावर उतरविलें. तासाभरानें तें काळा धूर ओकून अडखळूं लागलें व बंद पडलें. पाहण्यास खालीं गेलेला गडी डोकें धरून, ओकाऱ्या देत कसाबसा वर आला. मिस्त्रींस बोलावणें गेलें. त्यांनीं विहिरीच्या कांठावरूनच सांगितलें, “पाटील, दोष इंजिनात नाही, जागेत आहे. ते स्वतःचाच धूर पीत होते. आता खाली कोणी उतरायचं नाही.”

पाटलांनीं कंदील दोरानें खालीं सोडला. तो विझला नाहीं. “हवा चांगली आहे, मिस्त्री. बाग वाळते आहे, उतरा,” असा त्यांचा आग्रह. येथेंच पुष्कळांची फसगत होते. इंजिनाच्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइड या वायूस रंग नाहीं व वास नाहीं. त्यानें दिवा विझत नाहीं, पण माणूस विझतो. दिवा फार तर प्राणवायूची उणीव सांगेल. या विषाची सूचना तो देणार नाहीं. मिस्त्री उतरले नाहींत, व दुसऱ्या कोणास त्यांनीं उतरूं दिलें नाहीं. गड्यास दवाखान्यांत पाठविलें. रात्रभर पंख्यानें नळावाटे खालीं मोकळी हवा सोडून दुसऱ्या दिवशीं, कमरेस दोर बांधून व वर माणसें उभीं करून, इंजिन वर काढलें. पुढें जनरेटर भाड्यानें आणून तो जमिनीवर ठेवला व विहिरींत विजेचा पंप सोडला. या गडबडींत पाण्याच्या दोन पाळ्या चुकल्या, कांहीं फळ गळालें, आणि पाटील वर्षभर मिस्त्रींशीं बोलले नाहींत. गडी मात्र आजही त्याच बागेंत काम करीत आहे.

मिस्त्रींच्या उजव्या हाताच्या बोटावर एक जुना व्रण आहे. नोझलचा फवारा चौरस सेंटिमीटरास सुमारें २०० किलोंच्या दाबानें सुटतो. तो कातडी फोडून आंत शिरतो, व जखम बाहेरून टांचणीएवढी दिसली तरी तातडीनें इस्पितळ गांठावें लागतें. हँडल मारतांना तें उलटून मनगट मोडलेले इसमही त्यांच्या माहितींत आहेत. अशा धोक्याच्या कामाचा मोबदला काय, हें पाहण्याकरितां आम्हीं त्यांची वही मागून घेतली. कारकुनाची नजर रकान्यांवर प्रथम जाते. निम्म्याहून अधिक कलमांपुढें “बाकी” हा शब्द होता. कोणी डाळिंबाचा पैसा आल्यावर देणार, कोणी पाऊस झाल्यावर. सुट्या भागांचे पैसे दुकानदारास रोख द्यावे लागतात, ते मिस्त्रींच्या खिशांतून. पावसाळ्यांत काम नसतें, तेव्हां वसुलीस फिरावें, तर तो महिना शेतकऱ्याच्याही ओढगस्तीचा. मुलानें हा धंदा पाहिला व शहरांत पगाराची नोकरी धरली. त्यास आम्ही दोष देत नाहीं.

शेतकरी बंधूंनो, हे मिस्त्री थकले म्हणजे पंचक्रोशींत आवाजावरून इंजिन ओळखणारा दुसरा कोणी उरत नाहीं, हें आपण ओळखलें पाहिजे. म्हणून आमच्या अल्प बुद्धीस सुचलेल्या सूचना अशा:

(१) हंगामापूर्वीं प्रत्येकानें इंजिन एकदां तपासून घ्यावें. डिझेल झांकणाच्या भांड्यांत ठेवावें व गाळून भरावें. वंगणाचें तेल व फिल्टर कारखान्याच्या पुस्तिकेंत दिलेल्या तासांप्रमाणें बदलावे.

(२) थंड करणारें पाणी चालू आहे याची खात्री केल्यावांचून इंजिनावर बोजा घालूं नये.

(३) इंजिन कोणत्याही कारणास्तव विहिरींत उतरवूं नये.

(४) सुट्या भागांचे पैसे आगाऊ व मजुरी काम होतांच द्यावी.

(५) गांवोगांवच्या शेतकरी संघांनीं सभासदांकडून वर्षाची ठराविक वर्गणी गोळा करून मिस्त्रीस नेमून घ्यावें, व त्याच्या हाताखालीं गांवांतील एक-दोन होतकरू मुलें शिकण्यास ठेवावीं.

पांचवी सूचना म्हणजे जुन्या बलुत्याचीच नवी, जातीचें बंधन नसलेली आवृत्ति होय. ती अंमलांत आणण्यास सरकारच्या मंजुरीची वाट पाहण्याचें कारण नाहीं. संघाच्या पुढील बैठकींत एक ठराव व एक वही पुरे. वही लिहिण्याचें काम आम्ही आनंदानें करूं, एवढें नमूद करून वाचकांची रजा घेतों.