नव्या घरांत हत्यारांची पडवी

वाफसा कोणाच्या सोयीनें येत नाहीं. पेरणीच्या अगर कोळपणीच्या दिवसांत कुदळीचा दांडा किंवा कोळप्याचें रुमणें मोडलें, तर तालुक्याच्या गांवीं जाऊन येण्यांत सबंध दिवस खर्चीं पडतो, आणि त्या एका दिवसाची भरपाई पुढें कोणत्याही खतानें होत नाहीं. कै. त्रिंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ सालीं ‘गांवगाडा’ या ग्रंथांत वर्णिलेली बलुत्याची रीत आतां बहुतेक गांवीं मोडली असून सुतार-लोहारांचीं मुलें इतर धंद्यांस लागलीं आहेत. सबब ज्या शेतकरी बंधूंनीं शहरीं गेलेल्या एखाद्या कुटुंबाचें जुनें घर विकत घेतलें असेल, त्यांनीं दिवाणखाना सजविण्यापूर्वीं हातहत्यारांस जागा नेमून द्यावी.

जागेची निवड उजेड व कोरडेपणा या दोन गोष्टींवर करावी. उत्तरेच्या खिडकींतून दिवसभर सारखा उजेड येतो व डोळ्यांवर ऊन येत नाहीं. जुन्या घरांत खिडक्या थोड्या असल्यामुळें नवी पाडण्याचा मोह होतो. परंतु शेजाऱ्याच्या बाजूची भिंत फोडण्यापूर्वीं खरेदीखतांतील चतुःसीमा ताडून पाहाव्या. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मधील नोंद ही करआकारणीची नोंद होय, तीवरून मालकी ठरत नाहीं, हें महसूल खात्यांत हयात घालविलेल्या प्रस्तुत लेखकानें मुद्दाम सांगणें अवश्य आहे. घराचा एक पावसाळा पाहिल्याशिवाय भिंतींत कांहींही पक्कें बसवूं नये. ओल कोठें चढते व धाबें कोठें गळतें, हें त्याच वेळीं कळतें. हत्यारें टांगण्याची फळी मातीच्या भिंतीस न चिकटवितां मागें एक इंच पोकळी ठेवावी, म्हणजे वारा खेळेल व वाळवीचा माग लागलीच दिसेल.

कामाच्या मेजाची उंची स्वतःच्या अंगमापानें ठरवावी. ताठ उभें राहून हात सैल सोडले असतां तळवा जेथें सपाट टेकेल, तेवढी उंची रंध्याच्या कामास योग्य होय. मध्यम बांध्याच्या मनुष्यास ती ३० ते ३४ इंच भरते. मेज याहून उंच असल्यास सर्व जोर दंडांवर पडतो. योग्य उंचीवर अंगाचा भार कामीं येतो. घराच्या डागडुजींत उतरलेली सागवानी तुळई या कामीं उत्तम, कारण ती पूर्ण वाळलेली असते. मात्र तींतील खिळे शोधून काढल्याखेरीज करवत लावूं नये.

हत्यारें आरंभीं थोडींच, पण चांगल्या पोलादाचीं घ्यावीं. एक करवत, एक रंधा, पाव, अर्धा व एक इंच रुंदीच्या तीन पटाशा, वाकस, हातोडा, लांकडी मोगरी, गुण्या, गिरमीट, एक चपटी व एक तिधारी कानस, पक्कड आणि धारेचा दगड एवढ्यांत शेतकऱ्याचें बहुतेक काम निभतें. पटाशीचा उतार २५ अंशांचा ठेवून अगदीं टोकाशीं ३० अंशांची बारीक धार काढावी. विजेच्या सहाणेवर घाई करूं नये. पात्यावर निळी झांक आली कीं त्याचें पाणी उतरलें असें समजावें. मग त्यास धार टिकत नाहीं.

दांड्यासाठीं बाभूळ किंवा धामण हीं लांकडें घ्यावीं. दांडा शक्यतों करवतून न काढतां फोडून काढावा, म्हणजे लांकडाची शीर टोकापासून टोकापर्यंत अखंड राहते. ढिला दांडा रात्रभर पाण्यांत भिजविण्याची चाल सर्वत्र आहे; ती हितावह नाहीं. लांकूड फुगतें, परंतु लोखंडाच्या वेढ्यांत त्यास पसरावयास जागा नसल्यानें त्याचे तंतु दबतात, आणि वाळल्यावर दांडा पूर्वींपेक्षां अधिक ढिला होतो. त्याऐवजीं वाळलेल्या लांकडाची पाचर मारावी.

पावसाळ्यापूर्वीं पात्यांस यंत्राचें तेल व दांड्यांस जवसाचें तेल चोळावें. येथें एक गोष्ट सर्वांनीं ध्यानांत धरावी. जवसाच्या तेलाचे बोळे गोळा करून टाकले असतां आपोआप तापतात व विस्तवाशिवाय पेट घेतात. पडवीशेजारीं कडब्याची गंज असल्यास काय अनर्थ होईल, हें सांगावयास नको. असे बोळे बाहेर उघड्यावर एकेक पसरून वाळवावे किंवा पाण्यांत बुडवून ठेवावे.

शेवटीं, गांवांत एखादा वृद्ध सुतार असेल, तर त्यास मानानें बोलावून व मजुरी देऊन घरच्या मुलांस दोन महिने त्याच्या हाताखालीं बसवावें. करवतीस काकर देणें, रंध्याचें पातें बसविणें हीं कामें पाहूनच येतात. हत्यारें बाजारांत केव्हांही मिळतील. तो जाणता हात पुढें मिळेलच असें नाहीं. ही व्यवस्था मृग निघण्यापूर्वीं लावावी, म्हणजे त्याच हंगामांत तिचा उपयोग होईल.