वायफायचे जाळे लावा, पण नाका एकच ठेवा

पुढे पेढी, मागे गोदाम आणि वर कारखाना अशी आपल्यापैकी बऱ्याच जणांची जागा असते. एका राउटरची लहर जाड भिंती व लोखंडी पत्रा ओलांडत नाही. म्हणून हल्ली व्यापारी बांधव ‘मेश’ वायफायचा संच घेतात. दोन-तीन डबे एकमेकांशी बिनतारी जोडलेले राहतात व सगळीकडे एकाच नावाचे वायफाय मिळते. सोय चांगली आहे. मात्र ‘गेटवे’ नीट बसवला नाही तर बिल छापले जात नाही आणि भरलेला टेम्पो दारात उभा राहतो.

गेटवे म्हणजे आपल्या जागेतून इंटरनेटकडे जाणारी वेस. आतल्या प्रत्येक यंत्राला एक पत्ता लागतो. तो वाटण्याचे कामही बहुधा हाच डबा करतो.

अडचण अशी की, इंटरनेट कंपनीने बसवलेला फायबरचा डबा बहुतेक वेळा स्वतः राउटर असतो आणि मेशचा मुख्य डबाही राउटर म्हणूनच सुरू होतो. 2017 मध्ये जीएसटी येईपर्यंत मुंबईत जकात होती. एकाच रस्त्यावर दोन नाके असते तर काय झाले असते, तसेच हे आहे. इंटरनेट चालते, म्हणून दोष लक्षात येत नाही. पण संगणक फायबरच्या डब्यावर व प्रिंटर मेशवर असेल, तर संगणकाला प्रिंटर सापडत नाही.

यावर उपाय दोन आहेत.

पहिला : मेशच्या सेटिंगमध्ये ‘राउटर’ऐवजी ‘अॅक्सेस पॉइंट’ किंवा ‘ब्रिज’ निवडावे. मग फायबरचा डबाच एकमेव गेटवे राहतो. लहान दुकानाला हे पुरेसे आहे.

दुसरा : मेशला गेटवे ठेवून फायबरचा डबा कंपनीकडून ‘ब्रिज’ करून घ्यावा. जोडणी पीपीपीओई पद्धतीची असेल तर तिचे नाव व पासवर्ड मेशमध्ये भरावा.

दोन्ही जमत नसेल तर निदान दोघांचे पत्ते वेगळे ठेवावेत. एकाचा 192.168.1.1 असेल तर दुसऱ्याचा 192.168.10.1 करावा आणि आपली सर्व यंत्रे मेशवरच जोडावीत.

यानंतर प्रिंटरचा पत्ता कायम राखून ठेवावा. सेटिंगचा मूळ पासवर्ड लगेच बदलावा. गिऱ्हाइकांसाठी ‘गेस्ट’ वायफाय वेगळे द्यावे. काही संचांत ते अॅक्सेस पॉइंट प्रकारात चालत नाही, हे खरेदीपूर्वी विचारून घ्यावे. दुसरा डबा लहर संपते तिथे ठेवू नये, चांगली पोहोचते तिथे ठेवावा.

शेवटी पेढीवरून व गोदामातून एकेक बिल छापून पाहावे आणि सर्व सेटिंग वहीत लिहून ठेवावी. गिऱ्हाइकाचा हिशेब ही आपल्याकडची अमानत आहे. तिच्या दारावर कुलूप आपणच लावायचे.