कासवाचं पिल्लू घरात ठेवताना

आधी कायदा. पाठीवर पिवळ्या चांदण्यांची नक्षी असलेलं तारा कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये आहे. लोक ते शुभ म्हणून आणतात, पण घरात ठेवणं गुन्हा आहे. परदेशी सुलकाटा कासव पाळता येतं. मात्र 2024 च्या नियमांनुसार ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी हवी. सुलकाटाचं पिल्लू पुढे 40 किलोंवर जातं, फ्लॅटवाल्यांनी आधीच विचार करावा.

पिल्लाला काचेच्या टाकीपेक्षा पसरट लाकडी खोका बरा. एका टोकाला दिव्याखाली 35 अंशांची ऊब, दुसरं टोक सावलीचं, 26-27 अंशांचं. कवच घट्ट व्हायला ड-3 जीवनसत्त्व लागतं आणि ते यूव्हीबी किरणांमुळे तयार होतं. खिडकीच्या काचेतून हे किरण जवळजवळ येतच नाहीत. कोल्हापूरच्या पावसाळ्यात तर यूव्हीबी ट्यूबच लावावी लागते.

तळाला ओलसर कोकोपीट घाला. कोरड्या हवेत वाढलेल्या कवचावर टेंगळं येतात. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीची वाळू हाताशी असते, पण ती मुळीच नको: तिच्यात बेंटोनाइट, कोळशाची भुकटी असते, शिवाय पोटात गेलेली वाळू आतड्यात अडकते. खायला हराळी, जास्वंदीची पानं. पाणी उथळ ताटलीत.

आणि घरात तारा कासव असेलच, तर रंकाळा तलावात सोडू नका. ते जमिनीवरचं आहे, बुडेल. वनविभागाला 1926 वर फोन करा.