किंमत दुकानातली आणि किंमत घरातली

‘कूलर सस्त्यात भेटला वो बाई!’ चैत्र लागला की आमच्या वऱ्हाडात हे वाक्य घरोघरी ऐकू येते. रिद्धपूर हे अमरावती जिल्ह्यातले, मोर्शी तालुक्यातले गाव. गोविंदप्रभूंचे आणि महानुभावांच्या तीर्थाचे, म्हणून पाहुणारावळा नेहमीचाच. त्यात मे महिन्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर जातो. पंखा, कूलर, फ्रीज यांना आता चैन म्हणायची सोय राहिलेली नाही. पण स्वस्तात मिळालेली वस्तू खरोखर स्वस्त पडते का?

मैत्रिणींनो, वस्तूला दोन किमती असतात. एक दुकानात एकदाच मोजायची. दुसरी घरात, वस्तू मोडीत जाईपर्यंत थोडी थोडी मोजायची. वीज, पाणी, दुरुस्ती, सुटे भाग आणि आपले श्रम, हे सगळे त्या दुसऱ्या किमतीत येते. दोन्हींची बेरीज करावी आणि शेवटी भंगारवाला जे देईल ते वजा करावे; ती खरी किंमत. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९६०च्या दशकात यंत्रसामग्रीची खरेदी या हिशोबाने करायला सुरुवात केली. मोठे कारखाने आज तसेच करतात. मग आपण घरात का करू नये?

छताच्या पंख्याचेच घ्या. समजा, साधा पंखा १,५०० रुपयांना आणि कमी विजेवर चालणारा, ज्याला दुकानदार ‘बीएलडीसी’ म्हणतात तो, २,८०० रुपयांना मिळतो. साधा पंखा साधारण ७५ वॅट वीज घेतो, दुसरा ३० वॅटच्या आसपास. हजार वॅट तासभर चालले की एक युनिट होते. आपल्याकडे पंखा वर्षातले २५० दिवस, रोज १२ तास फिरतो असे धरा, म्हणजे ३,००० तास झाले. साधा पंखा २२५ युनिटे खातो, दुसरा ९०. युनिटला ८ रुपये धरले तर वर्षाचे १,८०० आणि ७२० रुपये होतात. दहा वर्षांत किंमत धरून साधा पंखा १९,५०० रुपयांना पडला आणि ‘महाग’ पंखा १०,००० रुपयांना! वरचे १,३०० रुपये सव्वा वर्षाच्या आत वसूल होतात.

दराचा आकडा मात्र आपल्या बिलावरूनच घ्या. महावितरणचा घरगुती दर शंभर युनिटांच्या पुढे वाढतो, तीनशेच्या पुढे आणखी वाढतो. उन्हाळ्यात वाचलेले युनिट हे वरच्या, महाग टप्प्यातले असते.

म्हणून महाग तेच चांगले असे समजू नका हं. पाहुण्यांच्या खोलीतला पंखा दिवसाला सरासरी तासभरच फिरत असेल, तर वर्षाला नव्वदच रुपये वाचतील. चौदा वर्षांनीही पैसे वसूल व्हायचे नाहीत! तिथे साधाच बरा. शिवाय साध्या पंख्याचा कंडेन्सर गावातला वायरमन थोडक्यात बदलून देतो; नव्या पंख्यातले इलेक्ट्रॉनिक कार्ड गेले तर ते कुठे मिळते, हमी किती वर्षांची आणि दुरुस्तीला माणूस येतो की पंखाच अमरावतीला न्यावा लागतो, हे घेण्याआधी विचारा.

कूलरला विजेखेरीज पाणीही लागते. कडक उन्हात मोठा कूलर तासाला पाच ते दहा लिटर पाणी पितो. आठ तासांच्या तीन ते पाच बादल्या झाल्या. त्या भरते कोण? मोर्शी-वरूडच्या संत्र्याच्या पट्ट्यात जमिनीतल्या पाण्याचा उपसा आधीच अतोनात झाला आहे, तेव्हा हे पाणी फुकटचे समजू नये. शिवाय गवताच्या ताट्या दर हंगामाला बदलाव्या लागतात, पत्र्याच्या टाकीला गंज चढतो. हंगाम संपल्यावर टाकी कोरडी करून आतून डांबर लावले तर तिचे आयुष्य वाढते. अर्थिंगचा खर्च मात्र कधीही वाचवू नका. पाणी भरताना आधी बटण बंद करून प्लग काढायचाच.

फ्रीज चोवीस तास चालतो. त्यावरच्या तारांकित पट्टीवर वर्षाची युनिटे छापलेली असतात. नुसते तारे मोजू नका, युनिटांना आपल्या दराने गुणा. पट्टी कोणत्या वर्षाची तेही बघा. ताऱ्यांचे निकष अधूनमधून कडक होतात, म्हणून जुने पाच तारे आजचे पाच नव्हेत. कुणी जुना फ्रीज फुकट देऊ केला तरी हा गुणाकार करूनच हो म्हणा.

आता थोडे अवघड जागेचे दुखणे. पुष्कळ घरांत वस्तू घेतली जाते ती संत्र्याच्या बहाराच्या किंवा बोनसच्या पैशातून, आणि घेणारे असतात घरातले पुरुष. विजेचे बिल, मेकॅनिकची मजुरी मात्र गृहिणीच्या महिन्याच्या पैशातून जाते. दुकानात हजार रुपये वाचवल्याचे श्रेय एकाला. पुढे दहा वर्षे ‘तुझा खर्च फार होतो’ हे बोलणे दुसरीला! बिल वाढले की आपण पंखा बंद करून स्वयंपाकघरात घामाघूम होतो, पण वाढ कशाने झाली हे कागदावर मांडत नाही.

म्हणून दुकानात जायच्या आधी हे लिहून काढा: बसवण्यासकट किंमत, वर्षाची वीज, पाणी आणि सुटे भाग, दुरुस्तीची सोय, किती वर्षे टिकेल, आणि रोज कुणाचा किती वेळ जाईल. हा कागद यजमानांपुढे, सासूबाईंपुढे ठेवा. भांडणापेक्षा आकडे लवकर पटतात. आणि वस्तू घरात आली की वहीत तिच्या नावाचे एक पान घाला. तारीख, किंमत, हमीपत्र कुठे ठेवले ते आणि प्रत्येक दुरुस्तीचा खर्च त्यावर टिपा. पुढची खरेदी निघेल तेव्हा आधी ते पान उघडा.